उसवण्याचे पैसे

मालकाचं दुकान सोडलं त्या दिवशी
आईच्या शिलाई मशीनशेजारी टेबल टाकलं,
कॅलेंडरचा फेब्रुवारी फाडला
आणि त्याच्या पाठीवर लिहिलं:
विंडोज टाकणे, चारशे.
घरी येऊन बघणे, शंभर.
शंभर खोडले, साठ केले.
साठवर पेन अडलं,
धुळे रोडला जायचं-यायचं पेट्रोलच चाळीस.

आमच्या अमळनेरात भाव सगळ्यांना ठाऊक.
यार्डात दादर काय गेली,
सराफाकडे तोळा कुठे पोचला,
पानटपरीवर घटकाभर उभं राहा, कळतं.
माझ्या तासाला मात्र
लिलाव नाही, आडत नाही,
फळ्यावर खडूचा आकडा नाही.

राजधर आबांची डेअरी.
बाहेर कॅनची रांग, आत कॉम्प्युटर मुका.
मी पत्रा उघडला, रॅम काढली,
खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले,
परत बसवली. पडदा उजळला.
सहा मिनिटं.
"कितलं व्हयनं?"
"दीडशे."
"खोडरबर पाच रुपयाले भेटस, भाऊ."
मी हसलो. पन्नास घेतले.
गाडीला किक मारताना कळलं,
अकरा वर्षांचं शिकणं
सहा मिनिटांत मावत नाही;
आणि तासभर उगाच घासत बसलो असतो
तर आबांनी वर चहा पाजला असता.

त्याच आठवड्यात सराफाच्या मुलाला
तेवढ्याच कामाचे आठशे सांगितले.
का?
त्याच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या.
तो लगेच हो म्हणाला.
ते हो मला रात्री झोपू देईना.
कमी घेतल्याची चुटपुट सकाळी जाते,
जास्त घेतल्याची खिशात राहते,
चिल्लरीसारखी वाजत.

आई ब्लाउज शिवते.
साधा, अस्तरचा, पायपिंगचा,
तिन्हींचे भाव तोंडपाठ.
माणूस बघून ती भाव बदलत नाही, कापड बघून बदलते.
कुणी दुसरीकडे बिघडवून आणला
तर चष्मा पुसते, शिवण उलटी करून बघते,
"उसवाना पैसा येगळा," म्हणते.
समोरची बाई घासाघीस करत नाही.
शिवताना हात पळतो,
उसवताना एकेक टाका विचारत जावं लागतं.

मी यादीत लिहिलं: उसवणे, अडीचशे.
झांबरे मॅडमनी विचारलं, "म्हणजे काय?"
म्हटलं, "तुमच्या भाच्याने लॅपटॉपात
जे जे टाकलंय ना, ते."
त्यांनी मुकाट्याने पर्स उघडली.

मग निंबादादा फोटोवाले आले.
रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क,
आत पाच लग्नसराया.
तीन रात्री बसलो.
कानाशी धरली की आतून
टक्, टक्, टक्,
बंद दारावर बोट वाजवावं तशी.
एक फोटो निघाला नाही.
एका नवरीची हळदसुद्धा नाही.

याचे किती?
मेहनत सांगावी तर हात रिकामे,
काही न घ्यावं
तर त्या तीन रात्री कुणाच्या?
पहाटे आईला विचारलं.
तोंडातला दोरा न काढता ती म्हणाली,
"कापड फाटेलच व्हतं का?"
"हो. येतानाच."
"मंग लाईटना पैसा ले."

निंबादादांना तसंच सांगितलं.
ते बराच वेळ यादी वाचत राहिले,
आकडे नाही, खोडलेले आकडे.
नव्वद रुपये मोजून टेबलावर ठेवले,
डिस्क पुन्हा रुमालात बांधली,
दारातून वळून म्हणाले,
"माझ्या रेटकार्डात ही ओळच नाही रे.
फोटो नाही आला तर काय, ती."

फेब्रुवारीची पाठ आता भरलीय.
मार्च भिंतीवर आहे,
अजून आठ दिवस.